धंद्याचा संगणक : एकसंध घ्यावा की सुट्या भागांचा?

शेतकऱ्याच्या घरात मोठी वस्तू चार जणांना विचारल्याशिवाय येत नाही. बैल घ्यायचा तर दात पाहतात. विहिरीवरची मोटर घ्यायची तर पाण्याची खोली आणि पाइपाची लांबी मोजतात. ट्रॅक्टर घ्यायचा तर त्याचा मेकॅनिक तालुक्याला आहे की जिल्ह्याला, याची आधी चौकशी करतात. संगणक घेताना मात्र हीच चोखंदळ माणसे दुकानात गोंधळून जातात आणि दिसायला जो सुबक, तो उचलून आणतात. त्यात चाळीस-पन्नास हजार रुपये गुंतलेले असतात आणि पुष्कळदा ते मुलाच्या किंवा सुनेच्या नव्या धंद्याचे पहिलेच भांडवल असते. म्हणून या खरेदीचा थोडा विस्ताराने विचार करू.

नाशिक जिल्ह्यात तर आता संगणकावाचून पान हलत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात मिळू लागला. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक अशा कामांसाठी गावोगाव सेवा केंद्रे निघाली. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांची खतावणीही संगणकावर येऊ लागली. लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याचा वजनकाटा संगणकाला जोडलेला असतो.

द्राक्षाचे तर विचारूच नका. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशांवरून आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. निर्यातीत मालाइतकीच नोंदही महत्त्वाची असते, हे त्या वर्षी सर्वांना कळले. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कोणत्या तारखेला झाली, हे आज पेटीबरोबर सांगावे लागते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी मोठी शेतकरी कंपनी असो की दहा-वीस जणांचा लहान गट असो, हंगामात संगणक दोन दिवस बंद पडला तर काम अडते. तेव्हा हे यंत्र केवळ शोभेचे नाही, पोटापाण्याचे अवजार आहे.

दोन जाती

दुकानात टेबलावर ठेवायचे संगणक मुख्यतः दोन जातींचे दिसतात.

पहिली जात ‘ऑल-इन-वन’. यात पडदा आणि आतली सारी यंत्रणा एकाच चौकटीत बसवलेली असते. एक वायर लावली, की-बोर्ड व माऊस जोडला की काम सुरू. जागा थोडी लागते, वायरींचे जंजाळ नसते, टेबल स्वच्छ दिसते. आपण याला एकसंध संगणक म्हणू.

दुसरी जात म्हणजे वेगळा डबा आणि वेगळा पडदा. या डब्याला आपल्याकडे सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. खरे पाहता सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पण गावाने डब्यालाच ते नाव दिले आहे. या डब्याचा दरवाजा चार स्क्रू काढले की उघडतो. आत मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, माहिती साठवणारी डिस्क आणि वीज पुरवणारी एसएमपीएसची पेटी असे सुटे भाग असतात. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि काम वाढले तर भागही वाढवता येतात.

द्राक्ष बागाईतदाराला हा फरक पटकन कळेल. डॉगरिजच्या खुंटावर आपण हव्या त्या जातीचे कलम करतो. पुढे ती जात बाजारात चालेनाशी झाली तर खुंट जमिनीतच ठेवून वर दुसरी जात बांधता येते. मुळे, मांडव, ठिबक सारे जागेवर राहते. सुट्या भागांचा संगणक असा आहे. एकसंध संगणक हा आंब्याच्या मोठ्या झाडासारखा, जसा लावला तसा शेवटपर्यंत सांभाळायचा.

जुनाच वाद

हा वाद आजचा नाही. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला. त्यात जादा कार्डे खोचण्यासाठी पाच स्लॉट ठेवले होते. पुढे १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्यात पडदा आणि यंत्र एकाच डब्यात होते आणि मालकाने तो उघडावा अशी कंपनीची अपेक्षा नव्हती. एक मोकळा, एक बंद. आज दुकानात दिसतात त्या दोन्ही जातींची घराणी ही अशी.

मराठी माणसाने त्या मोकळ्या स्लॉटांचे ऋण विसरू नये. त्या काळी परदेशी संगणकाला देवनागरी अक्षर ओळखीचे नव्हते. कानपूरच्या आय.आय.टी.त त्यावर काम झाले, आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाजारात आणले. हे कार्ड संगणकाच्या मोकळ्या स्लॉटमध्ये खोचले की पडद्यावर मराठी उमटू लागे. संगणक बंद डब्याचाच असता, तर हे कार्ड लावायचे कोठे? आज देवनागरीसाठी कसलेही कार्ड लागत नाही, ती सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. पण पुढे कोणती गरज निघेल हे विकत घेताना कळत नसते, आणि मोकळी जागा ठेवलेली बरी, एवढा धडा त्यातून घ्यावा.

१४ ऑक्टोबर २०२५ने काय शिकवले

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेपुरती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली, पण वाट पुढे विंडोज ११ कडेच जाते. या विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर ठोकळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७च्या अखेरीनंतरचा.

आता समजा दोन सेवा केंद्रांनी २०१६ साली संगणक घेतले. एकाने एकसंध, दुसऱ्याने डब्याचा. दोन्ही आजही सुरू होतात, दोन्हींचे पडदे स्वच्छ आहेत. पण दोघांचेही प्रोसेसर यादीत बसत नाहीत. दुसऱ्या केंद्राने मदरबोर्ड, प्रोसेसर आणि गरज पडली तर मेमरी बदलली की काम झाले. पडदा, डबा, की-बोर्ड, डिस्क जुनेच चालतील आणि एसएमपीएस चांगली असेल तर तीही. पहिल्या केंद्राला मात्र चांगला पडदा असूनही सारा संगणकच बदलावा लागेल. बहुतेक एकसंध संगणकांत बाहेरून चित्र आत घेण्याची सोय नसते, त्यामुळे तो पडदा दुसऱ्या संगणकाला जोडूनही वापरता येत नाही. एकसंध घेणाऱ्याचा खरा तोटा हा असा आठ-दहा वर्षांनी दिसतो, खरेदीच्या दिवशी दिसत नाही.

यातही एक मेख आहे. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला तर परवाना नव्याने घ्यावा लागू शकतो. तो खर्च हिशेबात धरावा.

काही जण जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवतात. लिहिणे-वाचणे, इंटरनेट यासाठी ती उत्तम आहे. पण अंगठ्याचे यंत्र, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि छपाईयंत्र तिच्यावर चालते की नाही हे आधी पाहावे, मगच तो मार्ग धरावा.

एकसंधाचीही बाजू ऐका

एवढे वाचून कोणी एकसंध संगणक वाईटच असे समजू नये. खेड्यात त्याचे काही खरे फायदे आहेत.

पहिला विजेचा. एकसंध संगणकात पुष्कळदा लॅपटॉपच्या जातीचे भाग असतात, म्हणून तो वीज कमी ओढतो. मानू की एकसंध ६० वॅट घेतो आणि डबा व पडदा मिळून १०० वॅट घेतात. रोज आठ तास काम धरले तर पहिल्याला ०.४८ युनिट आणि दुसऱ्याला ०.८० युनिट लागते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर फरक ९६ युनिटांचा. बिलात हा फरक फार मोठा नाही. पण वीज गेली की त्याच यूपीएसवर वा इन्व्हर्टरवर एकसंध अधिक वेळ चालतो, आणि लाभार्थी रांगेत उभे असताना त्याला मोल असते.

दुसरा दाबाचा. एकसंधाला पुष्कळदा लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो आणि तो बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. संध्याकाळी गावात विजेचा दाब पडला तरी तो तग धरतो. डब्यातली स्वस्त एसएमपीएस मात्र कमी दाबाला कुरकुरते. म्हणून डब्याचा संगणक घेणाऱ्याने एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये. ती चांगल्या कंपनीची असावी आणि तिच्यावर किती व्होल्टपर्यंत चालते हे छापलेले असते, ते वाचून घ्यावे.

तिसरा पाहुण्यांचा. पाली, झुरळे, मुंग्या आणि उंदीर यांना उबदार डबा फार आवडतो. मागची स्लॉटची पत्री पट्टी निघालेली असली की तेथून पाल आत शिरते आणि बोर्ड जळतो. एकसंधाला भोके बारीक असतात. डबा घेतला तर मागच्या पट्ट्या बसवलेल्या ठेवाव्यात आणि तो जमिनीवर न ठेवता हातभर उंच ठेवावा.

धुळीचे मात्र उलटे आहे. कांद्याच्या खळ्याशेजारी किंवा पॅकहाऊसच्या दारात धूळ आणि पापुद्रे उडतच असतात. डबा दर दोन-तीन महिन्यांनी उघडून ब्लोअरने साफ करता येतो. ते काम घरातला जाणता मुलगाही करील, मात्र वायर काढून आणि पंखा बोटाने धरून. एकसंधाचा पंखा पडद्यामागे दडलेला असतो. तो उघडायला कारागीर लागतो. धूळ साचली की यंत्र तापते आणि तापले की मंदावते.

दुरुस्ती किती लांब?

नाशिक शहरात राहणाऱ्याला एक न्याय आणि सुरगाणा, पेठ, बागलाणच्या माणसाला दुसरा न्याय. डब्याच्या संगणकाची मेमरी, डिस्क, एसएमपीएस किंवा पंखा तालुक्याच्या गावी मिळतो आणि तासाभरात बसतो. शेजारच्या दुकानातला सुटा पडदा उसना आणूनही दोन दिवस काम निभावते. एकसंधाचा पडदा फुटला, किंवा बोर्ड गेला, तर तो भाग त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा लागतो. तो मागवावा लागतो, आणि मॉडेल जुने झाले असेल तर मिळेलच असेही नाही.

एकसंध घेणारच असाल तर कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करण्याची हमी किती वर्षांची आहे आणि ती तुमच्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. तोंडी उत्तरावर भागवू नये, कागदावर घ्यावे.

सगळेच डबे सारखे नसतात

डबा आहे म्हणजे भाग वाढवता येतातच, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. काही नामांकित कंपन्यांच्या लहान डब्यांत बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या मापाची असते. बाजारातली साधी एसएमपीएस तिथे बसत नाही. इंटेलने १९९५ साली ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरवून दिले आणि बहुतेक सुटे भाग त्या कुळातल्या मापाचे असतात. डबा त्या मापाचा आहे का, एवढे विचारावे.

मेमरीच्या पट्ट्यांनाही जाती आहेत. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५. एकीची दुसरीच्या जागी बसत नाही, खाच वेगळी असते. प्रोसेसरचे सॉकेटही दर काही वर्षांनी बदलते. म्हणजे ‘पुढे पाहिजे ते टाकता येईल’ हे दुकानदाराचे वाक्य अर्धेच खरे. मेमरी आणि डिस्क सहज वाढते, प्रोसेसर बदलायचा तर पुष्कळदा बोर्डही बदलावा लागतो.

आणि भाव? मेमरीचा बाजार आपल्या कांद्याचाच भाऊ आहे. २०२३ साली भाव पडलेले होते, तर २०२५च्या अखेरीस ते झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे जगभरातली मेमरी उचलू लागली. तेव्हा ‘आज थोडी घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू’ हा हिशेब प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. रोजच्या कामाला लागते तेवढी मेमरी पहिल्या दिवशीच घ्यावी, आणि एक मोकळी जागा पुढच्यासाठी राखावी.

कोणाला कोणता?

सेवा केंद्र चालवणाऱ्याने डब्याचाच घ्यावा. दिवसभर वापर, अंगठ्याचे यंत्र, स्कॅनर, छपाईयंत्र, वेबकॅम असा गोतावळा असतो आणि जोडणीची भोके जास्त लागतात. ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी डिस्क हे कमीत कमी समजावे.

सोसायटी किंवा पतसंस्थेनेही डब्याचाच घ्यावा, आणि त्यासोबत रोजच्या हिशेबाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क घ्यावी. संगणक कोणताही असो, सभासदांच्या कर्जाचा हिशेब एकाच डिस्कवर ठेवणे म्हणजे साऱ्या गावाचे बियाणे एकाच कणगीत ठेवण्यासारखे आहे.

वजनकाट्याच्या व्यापाऱ्याने एक गोष्ट पाहावी. जुने काटे सीरियल पोर्टने जोडले जातात. डब्यात त्याचे कार्ड बसवता येते. एकसंधाला यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो, तो आपल्या काट्याशी जुळतो का ते दुकानात करूनच पाहावे.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या तरुणाने तर दुसरा विचारच करू नये. त्याला १६ जीबी वा अधिक मेमरी, मोठी डिस्क, आणि पुढे चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल. ते डब्यातच बसते. एकसंधात काही मॉडेलांना मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. ॲपलच्या २०२१ नंतरच्या २४ इंची आयमॅकमध्ये मेमरी मागाहून वाढवताच येत नाही. पडदा सुरेख आहे, पण जेवढी घेतली तेवढीच.

घरी बसून दोन-चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब पाहणारी सून किंवा मुलगी असेल, जागा थोडी असेल, इतर यंत्रे जोडायची नसतील, तर एकसंध घ्यायला हरकत नाही. शेतकरी गटाच्या कचेरीत केवळ नोंदी भरायच्या असतील तरी चालेल. मात्र मेमरी मागून वाढते का आणि डिस्क बदलता येते का, हे विचारूनच.

या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्गही आहे. पुस्तकाएवढा लहान ‘मिनी पीसी’ पडद्याच्या पाठीमागे स्क्रूने बसवता येतो. जागा एकसंधाएवढीच लागते, वीजही कमी आणि पडदा सुटा राहतो. पुष्कळ मॉडेलांत मेमरी आणि डिस्क बदलता येते. ज्यांना आटोपशीरपणा हवा पण पडदा यंत्राशी जन्माचा बांधायचा नाही, त्यांनी हा अवश्य पाहावा.

भांडवल कमी असेल तर मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त केलेले डबेही मिळतात. त्यात आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर स्वस्त पडला तरी घेऊ नये. पक्के बिल आणि हमी घ्यावी.

दुकानात विचारायचे सात प्रश्न

१. मेमरी किती आहे, किती जागा मोकळ्या आहेत, आणि ती बोर्डाला जोडलेली तर नाही?
२. डिस्क एसएसडी आहे का? आणखी एक बसेल का?
३. यूएसबीची भोके किती? नेटची वायर जोडता येते का?
४. एसएमपीएस वा अडॅप्टर किती व्होल्टपर्यंत चालतो?
५. विंडोजचा परवाना अस्सल आहे का? बिलावर लिहून मिळेल का?
६. घरपोच दुरुस्तीची हमी आमच्या पिनकोडला लागू आहे का?
७. एकसंध असल्यास, पुढे त्याचा पडदा दुसऱ्या संगणकाला लावता येईल का?

जीएसटीची नोंदणी असलेल्याने बिल धंद्याच्या नावावर आणि क्रमांकासह घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. आणि संगणकाच्या किमतीतच यूपीएसची किंमत धरावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साध्या कामाला दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात भरलेला अर्ज जपून संगणक नीट बंद करता येतो.

जुना देण्याआधी

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. सेवा केंद्राच्या वा सोसायटीच्या जुन्या संगणकात शेकडो माणसांच्या आधार कार्डांच्या, सातबाऱ्यांच्या, बँक पासबुकांच्या प्रती असतात. तो तसाच भंगारवाल्याला देणे म्हणजे गावाच्या तिजोरीची चावी रस्त्यावर टाकणे. डब्यातली डिस्क चार स्क्रू काढून बाहेर घेता येते. एकसंधाची कारागिराकडून काढून घ्यावी, पण काढावीच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. उकिरड्यावर टाकू नये आणि जाळू तर मुळीच नये, त्यातले विष आपल्याच मातीत आणि विहिरीत उतरते.

सारांश एवढाच की, यंत्रावर रोजची भाकरी अवलंबून असेल, त्याला चार इतर यंत्रे जोडायची असतील आणि कारागीर लांब असेल, तर सुट्या भागांचा संगणक बरा. काम हलके, जागा लहान आणि कंपनीचा माणूस घरी येणार असेल, तर एकसंध चालेल. घरातल्या मुलांना बरोबर नेऊन, वरचे सात प्रश्न विचारून आणि उत्तरे बिलावर लिहून घेऊनच पैसे मोजावेत.